आरसा कंपनीचा, लायनर कुणाचंही

२४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचं पोर्टल सुरू केलं. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकापासून दडवू नये, हा उद्देश. चांगलंच आहे. धाराशिव जिल्हा हा हक्क राजदूत आणि एम-८०च्या जमान्यापासून बजावतोय, तोही कंपनीला न विचारता. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, कार्बोरेटरचा जेट तोंडानं फुंकायचा, क्लचची वायर तुटली तर गावात पोचेपर्यंत क्लचविना गिअर टाकायचे. हे सगळं बांधावर होतं आणि गाडी चालूही होते. हातात कसब आहे, याबद्दल वाद नाही.

घोळ होतो तो स्पेअर पार्टच्या काउंटरवर.

“मालक, ओरिजनल देऊ का लोकल?”

“लोकलच द्या. गाडी हाय, विमान न्हाई.”

हा संवाद ब्रेकच्या लायनरसाठी. तोच गडी आरसा घेताना मात्र कंपनीचं होलोग्राम उन्हात तिरकं धरून बघतो. टाकीवरचं स्टिकर ओरिजनल, सीट कव्हर सोलापूरहून मागवलेलं, हॉर्न दोन आणि दोन्ही भारी. लायनर स्वस्तातलं असल्यामुळं हॉर्नचे पैसे वसूल होतात, हेही खरं. मग तुळजापूरचा घाट उतरताना मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं, आणि त्या तिघांच्या जिवाला जबाबदार कोण, तर पुडक्यावर नावही धड न छापलेला कारखाना. लायनर तापलं की त्याला चकाकी येते आणि ते ड्रमला धरायचं सोडतं. घाटात नेमकं तेच होतं. भूमकडं खव्याच्या भट्टीवर पहाटे ४० लिटरचे दोन कॅन लटकवून जाणारी गाडी तर ओझ्यासकट थांबवायची असते. तिच्या लायनरवर वाचवलेले पैसे हिशेबाला कुठं धरायचे?

उलटं करायला काय हरकत आहे? आरसा, मडगार्ड, साइड स्टँड लोकल घ्या, खुशाल घ्या. लायनर, ब्रेकची केबल, चाकाचं बेअरिंग, चेन यांना मात्र बिल मागा. बिल मागितलं की काही दुकानांत ओरिजनलचा लोकल व्हायला वेळ लागत नाही, तेवढीच परीक्षा.

चेनचं तर विचारूच नका. चेन सैल पडली की आम्ही आधी तिची एक कडी काढतो. मग नवी चेन घेतो, पण स्प्रॉकेट जुनीच. दात झिजून आकड्यासारखे वाकलेले, ते नवी चेन काही महिन्यांत खातात. मिस्त्री सांगतो, पूर्ण सेट टाका. आम्हाला वाटतं, मिस्त्री कमिशन खातो. मिस्त्रीही कधीकधी खातो, पण या बाबतीत तो खरं बोलतोय. त्यावर आम्ही गाडीतलंच काढलेलं जळकं ऑइल चेनीला पाजतो. त्यात इंजिनमधला धातूचा चुरा आधीच असतो, वरून काळ्या रानातली धूळ बसते. चेन घासायला याहून चांगला मसाला कंपनीलाही जमणार नाही.

ऑइलचंही तसंच. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं असतं, ते टाकायचं. ‘ऑइल ते ऑइल.’ पण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. भलतं ऑइल पडलं की प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर ‘जेएएसओ एमए’ अशी अक्षरं असतात, ती याचसाठी. ती कुणी वाचत नाही, किंमत सगळे वाचतात.

बिनगिअरच्या स्कूटरवाल्यांनी हसू नये. तुमच्या गाडीत चेन नाही, पण पट्टा आहे, आणि तो तुटायच्या आधी फारसं सांगत नाही. कॅनडात बर्फावर पळवायच्या गाड्यांतही अशाच जातीचा पट्टा असतो. तिथला माणूस रानात अडकू नये म्हणून एक जादा पट्टा सोबत बाळगतो. आपल्याकडं डिकीत जादा काय असतं, ते घरोघरी वेगळं.

२०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. पाणी ओसरलं आणि पहिल्याच सकाळी किका सुरू. किकनं होईना म्हणून गिअरात टाकून ढकलणंही. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी प्लग काढून पाणी बाहेर फेकायचं, दुधाच्या चहासारखं झालेलं ऑइल बदलायचं, एअर फिल्टर बघायचा, मग किक. एवढा वेळ थांबण्याइतका धीर नसतो, आणि घरात चिखल असताना तो कुठून आणावा, हेही आहेच.

आता १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. हिरो आणि होंडा वेगळे होऊन पंधराएक वर्षं झाली तरी आम्ही जिला ‘हिरो होंडा’च म्हणतो, त्या स्प्लेंडरचाही कार्बोरेटर गेला. फुंकायला जेट नाही. बॅटरी पार झोपली तर नुसत्या किकवर ती उठेलच असं नाही. मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि त्याला विचारायला मशीन लागतं. बांधावरचा मिस्त्री त्या दिव्यावर इन्सुलेशन टेप चिकटवतो. दुरुस्तीच्या हक्काचा हा अर्थ दिल्लीला सुचला नव्हता.

राहता राहिला कंपनीनं दिलेला पाना-पकडीचा संच. तो खंडेनवमीला सीटखालून निघतो, हळद-कुंकू लावून घेतो आणि परत सीटखाली जातो. गाडीला मात्र त्या दिवशी मोटरीच्या पाइपानं अशी आंघोळ घालतात की पाणी थेट फिल्टरच्या खोक्यात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एमएच २५च्या झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या मिस्त्रीच्या दारात रांगेनं उभ्या असतात. मिस्त्री मात्र दुपारशिवाय येत नाही. त्याचीही गाडी सुरू होत नसते.