बाळाला कालपासून बरं नाही

गेल्या महिन्यात आमचं बाळ आजारी पडलं. बाळाची उंची पाच फूट अकरा इंच, दाढी दोन दिवसांची, पायात दहा नंबरचे बूट. डॉक्टरांनी बाळाला विचारलं, "काय होतंय?" बाळाने आईकडे पाहिलं.

"कालपासून चार वेळा झालं, पातळ," आई म्हणाली. "कळ येते. उलटी नाही, पण मळमळतंय त्याला."

"कळ नेमकी कुठे येते?"

हिने स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. डॉक्टर अनुभवी. त्यांनी टेबलावर मात्र चिरंजीवांनाच आडवं केलं.

चिरंजीव बारावीला आहेत आणि त्यांना डॉक्टर व्हायचं आहे. म्हणजे आम्हाला त्यांना डॉक्टर करायचं आहे. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राला असतात आणि तिथे आमचं बाळ वाघ आहे. मूत्रपिंडातला नेफ्रॉन ते डोळे मिटून काढतं. हेन्लेच्या वळणावर पाणी कुठे शोषलं जातं आणि क्षार कुठे, हे रात्री दोनला उठवून विचारा. पाणी स्वतः किती प्यायचं, हे मात्र आईने बाटलीवर मार्करने रेघा मारून ठरवलेलं आहे. सकाळची रेघ, दुपारची रेघ, क्लासची रेघ.

डॉक्टरांनी ओआरएसची पाकिटं दिली. घरी आल्यावर चिरंजीवांनी एक अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ओतलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पाकिटावर 'एक लिटर पाण्यात' असं स्पष्ट छापलेलं होतं.

"अरे, आतड्यात मीठ-साखर कशी शोषली जाते, शिकलास ना?" मी विचारलं.

"पचनाचा धडा सिलॅबसमधून काढलाय, बाबा."

मला वाटलं, थट्टा करतोय. चौकशी केली तर खरंच. अकरावीच्या पुस्तकातून पचनाचा धडा वगळला, मग तो नीटच्या अभ्यासक्रमातूनही गेला. आता उद्याच्या डॉक्टरांचा पोटाशी परीक्षेपुरता तरी संबंध उरलेला नाही. जुलाबाला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइनं संपत आली. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून, म्हणजे हेच ओआरएस करून, पिंपं भरून ठेवली आणि रोग्यांना पाजायचं काम दिलं नातेवाइकांना. म्हणजे आया, बहिणी, काका, जे कोण सोबत होते त्यांना. यातल्या कोणालाही नीटमध्ये किती गुण होते याची नोंद नाही. शेकडा तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं. घरी पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की भागतं. पण याला बहुपर्यायी प्रश्न नसल्याने क्लासवाल्यांचा नाइलाज आहे.

आता शाळेने काहीच शिकवलं नाही, असंही म्हणवत नाही. नववी-दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' नावाचा विषय होता. त्याला गुण नसतात, श्रेणी असते. ज्या विषयाला गुण नाहीत त्याचा तास गणिताच्या सरांचा, हा अलिखित नियम. नोंदवही हिने पूर्ण केली, प्रथमोपचार पेटीचं चित्र मी काढलं. श्रेणी 'अ' आली. आम्हा दोघांना फार आनंद झाला.

सरकारनेही कसूर केलेली नाही. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाची क्लिनिकं आहेत, जिथे मुलाने एकट्याने जाऊन बोलावं अशी अपेक्षा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं, तर 'मैत्री' या शब्दावरच दोन बापांनी हरकत घेतली. सरकारी आणि अनुदानित शाळांत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. आमचं बाळ वर्षाला दीड लाख फी भरून त्या गोळीपासून बचावलं.

बाकीच्या विषयांबद्दल आपण सुसंस्कृत माणसं बोलत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. बरोब्बर ऐंशी वर्षांनी, २००७ साली, याच महाराष्ट्राने शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. सातत्य म्हणतात ते हेच. कोपऱ्यावरचा औषधवाला आजही माझ्या पुतणीला सॅनिटरी पॅड आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत गुंडाळून देतो. (वर्तमानपत्राचा खप टिकून आहे, तो असा.) त्याच दुकानात, त्याच सायंकाळी, चिरंजीवांचा मित्र नुसत्या सर्दीसाठी अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या कापून घेऊन गेला. त्या पट्टीवर उभी लाल रेघ होती, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. तिला कोणी कागद गुंडाळला नाही. लाजायचं कशाला, हे आमच्या पेठेत पक्कं ठरलेलं आहे.

तर, जूनमध्ये बाळ हॉस्टेलला जाणार, म्हणून रविवारी मी घरीच शिबिर घेतलं. पहिला पाठ थर्मामीटर. चिरंजीवांनी तापाचं कारण सांगताना हायपोथॅलॅमसपासून सुरुवात केली आणि थर्मामीटर टोपणासकट तोंडात धरला. दुसरा पाठ पॅरासिटामॉल. मी सांगितलं, दोन गोळ्यांत किमान चार तासांचं अंतर हवं, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांत तेच औषध वेगळ्या नावाने असतं, तेव्हा पट्टीवरची बारीक अक्षरं वाच. "आईने डब्या केल्यात ना," तो म्हणाला. खरंच होत्या. पाच डब्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी: ताप, पोट, सर्दी, खाज. पाचवीवर लिहिलं होतं, 'मला फोन कर'. पाचवी सगळ्यात मोठी होती, आणि रिकामी.

"सतरा वर्षांचा घोडा झाला, किती दिवस त्याच्या वतीने कळा सांगणार आहेस?" मी म्हणालो. मला फार पुरोगामी वाटलं.

पुढच्या तपासणीला मी ठाम राहिलो. तो एकटा आत गेला. बाहेर बाकावर ही बसली होती, पण बसली होती म्हणणं धाडसाचं आहे. दोनदा दाराला कान लावायला उठली, एकदा कंपाउंडरने पाहिलं म्हणून पाण्याच्या मशीनकडे वळली. बारा मिनिटांनी चिरंजीव बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. आमचं आमचं बोलणं झालं."

ही पांढरी पडली. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहतोय तोवर डॉक्टरांनी आतून मला हाक मारली. म्हणाले, आलाच आहात तर तुमचंही बीपी बघून टाकू. आम्ही दोघं आत गेलो. त्यांनी पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला आणि चष्म्यावरून पाहत मला विचारलं, "गोळी कोणती चालू आहे सध्या?"

मी हिच्याकडे पाहिलं.