चार तारांचा स्टारमॅन

हा गृहस्थ इंग्लंडातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या गावात सापडतो. वय पासष्टीच्या पुढे, नोकरीतून मोकळा झालेला, गुडघे कुरकुरणारे, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत न चुकता हजर. काखेत युकुलेले. तिथं त्याच्यासारखे आणखी पंधरा-वीस जण गोल करून बसलेले असतात. प्रत्येकापुढे बिअरचा ग्लास, कॉर्ड लिहिलेली वही आणि जवळचा चष्मा. कारभार थेट भजनी मंडळाचा. चाल ठरलेली, जागा ठरलेल्या, आणि एक जण कायम अर्धी मात्रा पुढे. तो हाच.

गाणी बरीच होतात, पण तो वाट बघत असतो ती डेव्हिड बोवीच्या ‘स्टारमॅन’ची. पाळी आली की आधी प्रास्ताविक. ६ जुलै १९७२, बीबीसीचा टीव्हीवरचा गाण्यांचा कार्यक्रम ‘टॉप ऑफ द पॉप्स’. बोवी निळी गिटार घेऊन उभा राहिला, गाता गाता गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बोट रोखलं. ‘ते बोट माझ्याकडे होतं,’ हे तो दरवेळी सांगतो. त्या पिढीतल्या निम्म्या इंग्लंडला तसंच वाटलं होतं, हा भाग वेगळा. मग बोवीच्या अंगातल्या त्या रंगीबेरंगी कपड्यांचं वर्णन सुरू होतं, एकेका रंगासकट. त्या साली ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत कृष्णधवल टीव्ही होता, याची आठवण करून द्यायला मंडळातलं कुणी धजावत नाही. एक तर माणूस चांगला आहे, आणि दुसरं म्हणजे बाकीच्यांनीही ते रंग असेच पाहिलेले आहेत.

बोवीचा हा झगमगता ग्लॅम रॉक आणि युकुलेले यांची पत्रिका तशी जुळत नाही. एकीकडे १९७१ साली गालांवर चमकी लावून टीव्हीवर आलेला मार्क बोलन, उंच टाचांचे बूट, भिंतीएवढे स्पीकर. दुसरीकडे मदेरा बेटावरच्या पोर्तुगीज कामगारांसोबत १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरलेल्या छोट्या गिटारचं हवाईत वाढलेलं हे अपत्य. चार तारा, त्याही नायलॉनच्या. नेहमीच्या मिळवणीत सर्वांत खालचा सूर पियानोच्या मधल्या ‘सी’चा, म्हणजे खर्जाचा पत्ताच नाही. त्यात ब्रिटनमध्ये हे वाद्य म्हटलं की वडीलधाऱ्यांना आठवतो तो जॉर्ज फॉर्मबी, १९३०च्या दशकातला दात काढून हसवणारा विनोदवीर. अशा वाद्यावर परग्रहावरून आलेल्या रॉकस्टारचं गाणं वाजवायचं, तर चेहरा फार गंभीर ठेवावा लागतो. तो ठेवतो.

सुरुवात बरी होते. ध्रुपदापूर्वी मूळ गाण्यात तारायंत्राच्या संदेशासारखी जी टिकटिक आहे, ती तो एकाच तारेवर, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून, मोठ्या निष्ठेनं वाजवतो. खरी परीक्षा पुढे, बी फ्लॅट मायनरपाशी. तिथं तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी घालून चारही तारा एकदम दाबाव्या लागतात आणि वर अनामिकेनं एक तार तिसऱ्या पडद्यावर धरावी लागते. त्याची तर्जनी संधिवाताची. मग तो त्या एका मात्रेपुरता हात उचलून मान जोरात हलवतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय रंगलाय! रॉन्सनच्या गिटारची जागा काझू नावाची प्लॅस्टिकची पिपाणी भरून काढते, आणि शेवटच्या ‘ला ला ला’त पबचा मालकही काउंटरमागून सूर लावतो.

ज्ञानाच्या बाबतीत मात्र त्याच्याशी तडजोड नाही. मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला कुणी हौसेनं गालावर लाल-निळी वीज रंगवून आलं, तर त्याला बाजूला घेऊन समजावलं जातं की वीज १९७३च्या ‘अलॅडिन सेन’वरची, ‘स्टारमॅन’ १९७२चं, झिगी या बोवीनं रंगवलेल्या पात्राच्या अल्बममधलं. मुद्दा बिनतोड आहे. रंगवलेला गाल तेवढा बिचारा दिसतो.

आणि गाण्याची निवड? इथं त्याला शंभरपैकी शंभर. चमकी, बूट, स्पीकर सगळं काढून घेतलं तरी ‘स्टारमॅन’ उभं राहतं, कारण ध्रुपदाच्या सुरुवातीलाच, ‘स्टारमॅन’ या शब्दात, आवाज एका सुरावरून थेट वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर उडी घेतो. ती उडी ज्यूडी गार्लंडच्या ‘ओव्हर द रेनबो’मधली. बोवीनं ती लपवली नाही. १९७२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यानं दोन्ही गाणी एकमेकांत मिसळून गायली. आणि पुढे हवाईच्या इझरायल कामाकाविवोओलेनं तेच ‘ओव्हर द रेनबो’ नुसत्या युकुलेलेवर गाऊन जगभर पोचवलं. म्हणजे पत्रिका जुळत नव्हती, पण नातं जुनंच होतं. १९८५ साली सुरू झालेल्या ‘युकुलेले ऑर्केस्ट्रा ऑफ ग्रेट ब्रिटन’नं बोवीचं ‘लाइफ ऑन मार्स?’ आणि सिनात्राचं ‘माय वे’ एकाच वेळी गाऊन हशा आणि टाळ्या दोन्ही घेतल्या. ‘लाइफ ऑन मार्स?’ हे ‘माय वे’ला टोला म्हणूनच लिहिलं गेलं होतं.

तुम्हाला हात साफ करायचा असेल तर घाबरू नका. सी आणि ए मायनर एकेका बोटाचे, एफ दोन बोटांचा, डी मायनर तीन बोटांचा. एवढ्यावर ध्रुपदाची सुरुवात निघते. बी फ्लॅट मायनर आला की हात उचला, मान हलवा आणि तो शेजारच्यावर सोडा.