जळगाव विरुद्ध धुळे : सामन्याच्या आदल्या दिवशी काय लिहावं

जुलै लागतो, शाळांच्या मैदानांवर डबकी साचतात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून सुब्रतो मुखर्जी चषकाचं परिपत्रक निघतं. खानदेशात फुटबॉलचा हंगाम उघडल्याची खूण हीच. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग अशी चढण चढत शाळांचे संघ पुढे सरकतात आणि विभागाच्या सोडतीत कधीतरी जळगाव आणि धुळे समोरासमोर येतात. त्या संध्याकाळी संपादक तुम्हाला केबिनमध्ये बोलावतात. "उद्याच्या अंकासाठी चारशे शब्द द्या. जरा तापलेलं पाहिजे." तुम्ही फुटबॉल पाहिलेला असतो तो टीव्हीवर, तोही विश्वचषकाच्या वर्षी. घाबरू नका. पुढचं मार्गदर्शन खास याच प्रसंगासाठी आहे आणि त्यात फुटबॉलचं ज्ञान कुठेही लागत नाही.

सर्वप्रथम वैर शोधा. कोल्हापूरच्या वार्ताहराला हा त्रास नाही. तिथे पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम एवढं लिहिलं की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते आपोआप भरतात. कोणता पोरगा कुणाचा समर्थक, हे त्याच्या गल्लीवरून ठरलेलं असतं. आपल्याकडे वैर असं तयार मिळत नाही, ते गॅझेटियरमधून काढावं लागतं. तर काढा : 1906 साली इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले. तोवर अख्ख्या खानदेशचं मुख्यालय धुळे होतं. फाळणीनंतर पूर्व खानदेश जळगावला मिळाला, पश्चिम खानदेश धुळ्याकडे उरला. यावरून पहिलं वाक्य असं बेता : 'धुळ्याच्या हातून 1906 मध्ये निसटलेली आघाडी आजतागायत परत आलेली नाही.' वाचकाला वाटतं, तुम्ही कुठल्यातरी अंतिम सामन्याबद्दल बोलताय. वाटू द्या. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याचं 'धुळ्याने डावा विंगर गमावला' असं वर्णन करावं. नकाशात नंदुरबार डावीकडेच आहे, त्यामुळे हे विधान तांत्रिकदृष्ट्याही बिनचूक ठरतं.

आता दोन्ही संघांचं बलाबल. इथे नवखे वार्ताहर खेळाडूंची चौकशी करत बसतात आणि वेळ घालवतात. बलाबल जिल्ह्याचं लिहायचं असतं. जळगावकडे मुंबई-हावडा लोहमार्ग आहे, सोन्याची बाजारपेठ आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली केळी आणि भरिताची वांगी आहेत. शिवाय 1990 मध्ये विद्यापीठही जळगावलाच गेलं आणि 2018 मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. धुळ्याकडे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, म्हणजे 'मध्यफळी भक्कम'. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्याला आधी मिळालं, जळगावला फार नंतर. म्हणजे 'दुखापती हाताळण्याचा अनुभव धुळ्याकडे अधिक'. इतिहासाचार्य राजवाड्यांचं दप्तर धुळ्यातच असल्यामुळे सामन्यानंतर वाद झाला, तर कागदी पुरावे कुणाकडे निघतील हे सांगायला नको.

रेल्वेचा मुद्दा मात्र जपून वापरा. धुळ्याची गाडी चाळीसगावहून येते आणि चाळीसगाव पडतं जळगाव जिल्ह्यात. धुळ्याला रेल्वेचा प्रत्येक पास प्रतिस्पर्ध्याच्या पायातून घ्यावा लागतो, हे वाक्य जळगाव आवृत्तीत शोभून दिसतं. धुळे आवृत्तीत त्या जागी मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये दिलेली मंजुरी टाका आणि 'यंदा धुळे नव्या दिशेने चढाई करणार' असं म्हणा. एक मजकूर, दोन आवृत्त्या, फक्त बाजू बदलायची. मध्यंतरानंतर संघ तेच करतात. केळ्यांचंही तसंच. मध्यंतरात धुळ्याची पोरंही केळीच खातात आणि ती बहुतेक वेळा रावेर-यावलकडचीच असतात, हे निरीक्षण धुळ्यात, पांझरेच्या काठी, छापू नये.

मजकुराला थोडी उंची हवी असेल तर 1932 साल आणा. त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक याप्रमाणे अठरा, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक, म्हणजे जळगाव जिल्ह्याचे. मैदान धुळ्याचं, पास विनोबांचा, गोल अमळनेरच्या मास्तरांचा. हा गोल कुणाच्या खात्यावर धरायचा, याचा निकाल दोन्ही जिल्ह्यांत अजून लागलेला नाही. खरं सांगायचं तर खानदेशात इतकी सुंदर चाल पुन्हा कुणी रचलेली नाही आणि ती रचली तेव्हा दोघेही कैदेत होते. पण हे शेवटचं वाक्य चारशे शब्दांत बसत नाही.

यानंतर मैदान. विभागाचा सामना कुठेही असो, खानदेशी पोरांचा सराव काळ्या मातीवर झालेला असतो आणि काळ्या मातीवर एक सर पडून गेली की फुटबॉलचे नियम बदलतात. चेंडू डबक्यात थांबतो, पोरगं पुढे निघून जातं. पाच मिनिटांत बुटांचे स्टड दिसेनासे होतात आणि प्रत्येक पाय अर्धा किलोने जड होतो. ज्यांच्याकडे स्टडचे बूट नाहीत, ते अनवाणी पळतात आणि अशा दिवशी तेच वेगवान ठरतात. ही खरीखुरी क्रीडाविषयक माहिती असल्यामुळे ती टाळावी. त्याऐवजी 'पावसाचे सावट' हे दोन शब्द पुरेत. पाऊस आला तर तुमचं भाकीत खरं ठरतं आणि नाही आला तर शेतकरी इतका चिंतेत असतो की क्रीडापान कुणी उघडत नाही.

तारीख मात्र पंचांगाशी ताडून पाहा. सोडत काढणाऱ्या पुण्या-नाशिकच्या माणसाला कानबाईचा सण ठाऊक नसतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातलं निम्मं शहर गावी गेलेलं असतं, घरोघरी रोट असतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात. सोमवारी विसर्जन. त्या दोन दिवसांत सामना पडला तर दोन्हीकडचे गोलरक्षक गावाकडे जेवत असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी 'गोलांचा पाऊस अपेक्षित' असं बेधडक लिहावं.

मग प्रशिक्षकाची प्रतिक्रिया. प्रशिक्षक म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर. फोन लावाल तेव्हा ते मतदार यादीच्या कामावर असतील किंवा आजारी शिक्षकाचा भूगोलाचा तास घेत असतील. त्यांना डावपेच विचारू नका. त्यांच्यासमोर त्या क्षणी एकच डावपेच असतो : सोळा मुलांचे जन्मदाखले, आधार कार्डं आणि बोनाफाईड. सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालचा गट असतो, दिल्लीला जाणाऱ्या वाटेवर प्रत्येक टप्प्यात कागद तपासले जातात आणि भल्याभल्या आघाडीच्या फळीला बचावपटू अडवत नाही, जन्मतारीख अडवते. दाखल्यावर एक साल आणि आधारवर दुसरंच असलेला स्ट्रायकर बाकावर बसून रडतो, तेव्हा सर त्याच्या बापाला सांगत असतात, की ग्रामपंचायतीत अजून एक अर्ज द्या. हे सगळं ऐकून घ्या, मान डोलवा आणि छापा : 'मुलांनी कसून सराव केला असून विजयाचा विश्वास आहे.' हे विधान दोन्ही सरांच्या तोंडी घालता येतं. त्यांनी ते म्हटलेलं नसलं तरी ते कधीच नाकारत नाहीत.

उद्घाटनाचा परिच्छेद सामन्यापेक्षा मोठा असावा. श्रीफळ वाढवणं, खेळाडूंशी ओळख, मग प्रमुख पाहुण्यांची किक. पांढऱ्या कपड्यांतली ही किक स्पर्धेतली सर्वाधिक छायाचित्रं मिळवते, म्हणून ती 'दमदार' असते. पाहुण्यांच्या चपलेचा अंगठा निसटला तरी दमदारच.

प्रेक्षकांबद्दल लिहिताना दोन्ही बोलींचा मान राखा. धुळ्याकडून अहिराणीत आरोळ्या येतील, भुसावळ-रावेरकडचे लोक लेवा बोलीत उत्तर देतील आणि पंचाबद्दलचं मत दोन्हीकडे एकच असेल. बाहेर टपरीवर उभा असलेला कुणीतरी विचारेल, "काय व्हयनं भो, कोन जिकी ऱ्हायना?" त्याला स्कोअर सांगू नका. तो क्रिकेटबद्दल विचारत असतो.

भाकीत करण्याची सुरक्षित पद्धत : 'निर्धारित वेळेत बरोबरी, निकाल टायब्रेकरवर.' चिखलात असंच होण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे तुम्ही जाणकार ठरता. विजेता कोण हे लिहू नका. एक तर पुढच्या फेरीत नाशिक किंवा मालेगाव उभं असतं आणि तिथून पुढे खानदेशचा अभिमान आपोआप 'उत्तर महाराष्ट्राचा अभिमान' होतो. दुसरं म्हणजे शालेय स्पर्धांत महापालिकेचा संघ वेगळा आणि ग्रामीणचा वेगळा. सोडतीने धुळे मनपासमोर धुळे ग्रामीण आणून ठेवलं, तर 1906 चं सगळं वैर फुकट जातं. अशा आपत्तीत देवपूर विरुद्ध बाकी धुळे, असा नवा इतिहास तासाभरात उभा करण्याची तयारी ठेवा. जळगावात त्यासाठी मेहरूण भाग आहेच.

आणि पावसाने सामना पुढे ढकलला, तर नवीन मजकूर लिहायच्या भानगडीत पडू नका. जुनाच द्या, फक्त वार बदला. खेळाडूंची नावं बदलली का, असं उपसंपादक विचारेल. ती मुळात लिहिलेलीच नव्हती, असं त्याला सांगा.