घरच्या घरी गोड टाळण्याची नियमावली

वजन कमी करू इच्छिणाऱ्या इसमाने (यापुढे ‘उमेदवार’) शत्रू जिभेत असतो, हा गैरसमज आधी काढून टाकावा. जीभ बिचारी एकटी काय करणार? तिला डबा लागतो, डबा भरणारे हात लागतात आणि ‘एवढ्याने काय होतंय!’ म्हणणारे एक तरी तोंड लागते. मराठी घरात या तिन्हींचा पुरवठा अखंड चालू असतो. राज्यात साखरेसाठी आख्खे आयुक्तालय आहे, पुण्यात त्याचे ‘साखर संकुल’ उभे आहे. साखर न खाणाऱ्यांसाठी तिथे साधी खिडकीसुद्धा नाही. आपण कोणाविरुद्ध उभे राहतो आहोत, याची जाणीव ठेवूनच उमेदवाराने अर्ज भरावा.

आरंभ सोमवारी करण्याची प्रथा आहे. सोमवार सापडतो, महिना सापडत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून बिनगोडाचा महिना शोधून पाहावा. चैत्रात पाडव्याचे श्रीखंड, वैशाखात अक्षय तृतीयेपासून आमरस. ज्येष्ठ जरा मोकळा वाटतो, पण पाऊस लागायच्या आत उरलेले आंबे संपवण्याची जबाबदारी कोणावर तरी येतेच. आषाढात तळणीच्या गोड कापण्या, श्रावणात दिंडे आणि नारळीभात, भाद्रपदात मोदक. गणपती गेले म्हणून हुश्श करावे तर पितृपक्षाची खीर. आश्विन-कार्तिकाबद्दल न बोललेले बरे. पौषात लग्ने नसतात म्हणून जाणते उमेदवार तो महिना धरतात, आणि त्यांना संक्रांत गाठते, गुळाच्या पोळीसकट, वर तुपाची धार. दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना जादा मिळतो खरा, पण तो अधिक मास, आणि त्यात जावयाला 33 अनारसे देतात. उमेदवार जावई असल्यास त्याने दीर्घकालीन नियोजनात ही तरतूद करून ठेवावी.

गोड नजरेआड ठेवा, असे आहारतज्ज्ञ सांगतात. त्यांची घरे मोठी असावीत. वन बीएचकेत नजरेआड म्हणजे कपाटाचा वरचा कप्पा. स्टूल घेऊन तो गाठता येतो, आणि चढण्या-उतरण्यात थोडे उष्मांक जळतातच की, असा युक्तिवादही स्टुलावर उभे असतानाच सुचतो. वेशांतराची पद्धतही प्रचलित आहे. यात लाडू ‘मेथीदाणे’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवतात. दोन दिवस हे चालते; तिसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनाच मेथीदाण्यांची गोडी लागते.

स्टीलच्या डब्याचे झाकण मात्र या साऱ्या व्यवस्थेतला एकमेव प्रामाणिक कर्मचारी आहे. ते घट्ट बसते, दोन्ही अंगठ्यांनी फिरवत फिरवत उचकावे लागते, आणि सुटताना ‘टप्प’ असा आवाज करते. दुपारी तीनच्या शांततेत तो आवाज ओट्यापासून थेट दिवाणावरच्या वामकुक्षीपर्यंत जातो. असे बोलके डबे मुद्दाम जपावेत. प्लास्टिकचे मुके डबे भंगारात द्यावेत. कुकर चालू असताना मात्र पहारा वाढवावा, कारण शिट्टीखाली झाकण उघडले तर काहीही ऐकू येत नाही. मिक्सरचेही तसेच. ज्या घरातला पुरुष न सांगता चटणी वाटून द्यायला उठतो, त्या घरात लाडू मोजून ठेवलेले असावेत.

काही उमेदवार साखर सोडतात आणि गूळ धरतात. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, पण वजनकाट्याला मानांकन वाचता येत नाही. साखर घ्या की गूळ, ग्रॅममागे उष्मांक जवळपास चारच. गुळात थोडे पाणी आणि किंचित क्षार, बाकी बहुतेक साखरच. मध कोमट पाण्यात ढवळल्याने त्याचा स्वभाव सुधारत नाही. ‘शुगर फ्री’ बर्फीत साखर नसते. खवा असतो, आणि खव्यातले तूप कुठे जाणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगून ठेवले की, वरून घातलेली साखर, मध-सरबतातली धरून, दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि पाच टक्क्यांखाली गेली तर आणखी बरे. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे 25 ग्रॅम, सहाएक चमचे. उमेदवाराने आधी आपला चहा मोजावा. कपाला दोन चमचे या हिशेबाने सकाळचे दोन आणि ऑफिसातला एक एवढ्यातच, लाडवाला बोटही न लावता, कोटा संपतो. मग काही जण बिनसाखरेचा चहा सुरू करतात आणि वाचलेली साखर श्रीखंडाच्या खात्यात वळती करतात. श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर पडते, हे करणाऱ्याला ठाऊक असते. खाणाऱ्याने विचारू नये.

आता सर्वांत घातक प्रकार, म्हणजे ताटातल्या वड्या. ताट गोल आणि सुरी सरळ, त्यामुळे नारळाच्या वड्या कापल्या की कडेला तिकोनी तुकडे उरतात. हे तुकडे कोणत्याही मोजणीत धरत नाहीत. ते संपले की पहिला माणूस येता-जाता कड जरा सरळ करतो. ती तिरकी होते. दुसरा ती दुरुस्त करतो, तिसऱ्याला दुरुस्ती पटत नाही. संध्याकाळपर्यंत ताटाच्या मधोमध चार अत्यंत काटकोनी वड्या उरतात, आणि वडी खाल्ल्याचे घरात कोणालाच आठवत नाही. अर्ध्या लाडवाचेही तेच. अर्धा मोडून खायचा, अर्धा परत ठेवायचा. मग डब्यात अर्धा लाडू बरा दिसत नाही, उद्या पाहुणा आला तर काय म्हणेल, म्हणून घराण्याच्या इभ्रतीखातर तोही उचलायचा. बेसनाचा 40 ग्रॅमचा लाडू 200 उष्मांकांच्या घरात जातो आणि तो फेडायला पाऊण तासाच्या आसपास झपझप चालावे लागते. दोन अर्ध्या लाडवांना किती चालायचे, यावर घरोघरी मतभेद आहेत.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवण आटपायला सांगितले. ते ऐकून कित्येक घरांत चोपन्नाव्या मिनिटाला डबा ताटाशेजारी येऊ लागला. यात दीक्षितांचा दोष नाही.

नकाराची वाक्ये आधी घोकून ठेवावीत. ‘दात दुखतोय’ म्हटले की मऊ म्हणून शिरा पुढे येतो. ‘उपास आहे’ म्हटले की साबुदाण्याची खीर. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ यावर ‘त्यांना काय कळतंय, तेच बघ किती सुटलेत!’ असे उत्तर मिळते आणि ते वैद्यकीयदृष्ट्या खोडता येत नाही. प्रसादाला नाही म्हणायचे नसते. त्यात सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाने होतो, म्हणजे उरतोच. मग आई म्हणते, ‘उद्यापर्यंत टिकायचा नाही रे, संपवून टाक.’ येथे उमेदवाराने नीट समजून घ्यावे की त्याला खायला सांगितलेले नाही, भांडे मोकळे करायला सांगितले आहे. ‘आत्ताच खाल्लं, आजींनी दिलं’ हे एकच वाक्य आजवर उपयोगी पडल्याचे आढळते, मात्र आजी घरात नसतील तेव्हाच.

एवढे करूनही काही उमेदवार डब्यापाशी सापडतातच. त्यांच्या सोयीसाठी पुढील तांत्रिक माहिती. तिळाचा लाडू वाजतो. रव्याचा सांडतो, आणि सदऱ्याच्या खिशात पुरावा ठेवतो. बेसनाचा टाळूला असा चिकटतो की, ‘काय करतोयस रे तिथे?’ या प्रश्नाला पुढचे अर्धे मिनिट उत्तर देता येत नाही. तेवढ्या वेळात पाठ न वळवता फ्रिज उघडावा, बाटली काढावी आणि बाटलीत पाणी नसल्याबद्दल हातवाऱ्यांनी नाराजी व्यक्त करावी. पेढा आवाज करत नाही, सांडत नाही, दोन घासांत विरघळतो. तरी हाताला वेलदोड्याचा वास राहतो, म्हणून आधी चहाचे आधण ठेवून दोन वेलदोडे कुटून घ्यावेत.