टाळूफोड्याची बदनामी

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात टक्कल पडलेला माणूस उघड्या डोक्याने फणसाखाली उभा राहत नाही. कारण हरणटोळ. हा साप म्हणे झाडावरून झेप घेतो आणि नेमका टाळूवर टोला हाणतो. टाळू फुटते, माणूस खलास. आमचे आबाकाका परसात अळू कापायला जातानाही डोक्यावर पंच्याची दुहेरी घडी ठेवत. पंच्याने काय थांबणार, असं विचारलं की उखडायचे, "तुका काय कळता रे? पलीकडच्या वाडीत एक गेलो मा!" पलीकडच्या वाडीत चौकशी केली, तर तिथला मयत आणखी पलीकडच्या वाडीतला निघाला. असा सरकत सरकत तो गृहस्थ एव्हाना गोव्यात पोचला असावा.

आरोपी मात्र करवंदीच्या जाळीत भरदिवसा हजर असतो. पोपटी, बोटाएवढा जाड, चार-पाच फूट लांब आणि नाक पुढे काढलेलं. वारा आला की फांदीबरोबर डुलतो, वारा पडला की गप्प. जीभ बाहेर काढली की कितीतरी वेळ तशीच ताठ धरून ठेवतो. पण बघावेत ते त्याचे डोळे. बाहुली आडवी, कुलपाच्या भोकासारखी. डोळ्यांपासून नाकाकडे दोन्ही बाजूंना पन्हळी गेलेल्या. त्यांतून तो दोन्ही डोळ्यांनी एकदम समोर बघतो आणि सरडा किती लांब आहे ते अचूक जोखतो. सापांत ही सोय फारच थोड्यांकडे. त्याने अशी नजर रोखली की आपण कुणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेत, असं उगाच वाटायला लागतं. टाळूची अफवा या नजरेनेच उठवली असणार, असा माझा संशय आहे.

फारच डिवचलं तर गडी गळा फुगवतो, खवल्यांमधले काळे-पांढरे चौकडे दाखवतो आणि आ वासतो. दात आहेत, पण विषाचे दात जबड्यात पार मागे. विष सरडे-बेडकांपुरतं, माणसाला चावलाच तर थोडी सूज आणि दुखणं. खरोखर झाडावरून झेप घेणारा उडता सोनसर्प याच सह्याद्रीत राहतो, पण त्याच्यावर कुणाचा आळ नाही. उडणाऱ्याचं पाप डुलणाऱ्याच्या माथी!

बरं, हरणटोळ अंडीही घालत नाही. मादी थेट पिल्लांनाच जन्म देते. २०२० साली शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली, तेव्हा एकाच नावाखाली अनेक जाती नांदत असल्याचं उघड झालं. 'अहेटुला नासुटा' हा श्रीलंकेचा रहिवासी ठरला आणि उत्तर सह्याद्रीतल्याला 'अहेटुला बोरिॲलिस' हे नाव मिळालं. म्हणजे इतकी वर्षं फिर्यादसुद्धा भलत्याच्याच नावावर होती.

आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. त्या यादीत हरणटोळ नाही. फुरसं आहे, आणि ते कोकणात भरपूर आहे. तेव्हा रात्री बाहेर पडलात तर विजेरी फांद्यांवर नको, पायाशी मारा. फुरसं बहुतेक वेळा जमिनीवर असतं, आणि त्याला टाळूपर्यंत यायची गरज पडत नाही.