निवांतपणाचं वेळापत्रक

रत्नागिरीत तीन दिवस ‘स्लो लिव्हिंग’ करायला गेलो. वेळापत्रक भरगच्च: साडेपाचला भाट्याच्या किनाऱ्यावर शांतता, सातला घावन, आठला पुन्हा शांतता. दुपारी दुकानं बंद बघून भारावलो. पुण्यात याच गोष्टीवरून मी भांडतो. झोपाळ्यावरच्या आजोबांना म्हटलं, “काय निवांत हो तुमचं!” ते म्हणाले, “पोरगे मुंबईस, आंबा यंदा गेला. निवांत नाही तर काय नाचू?”

मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. वाडा मिळाला १९१० मध्ये, सुटका १९१६ मध्ये, तीही मेल्यावर. तीस वर्षं सक्तीचा निवांतपणा, वर पेन्शन! मी मात्र दुसऱ्याच संध्याकाळी परतीचं तिकीट दोनदा तपासलं.