दशांश चिन्हापुढची हौस

सूक्ष्मनियंत्रकाच्या, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेल्या छोट्या संगणकाच्या, प्रकल्पासाठी स्वस्त तापमान-संवेदक निवडताना किमतीखेरीज दुसरा निकष सहसा कोणी विचारात घेत नाही, आणि म्हणूनच निळ्या जाळीदार डबीतला डीएचटी११ हा पहिला मानकरी ठरतो. त्याच्या मापनात २ अंश सेल्सियसपर्यंत चूक संभवते, असे माहितीपत्रकच सांगते. तरीही पडद्यावर ‘२७.४३’ झळकवल्याशिवाय हौस फिटत नाही. एलएम३५ हा दुसरा संवेदक दर अंशामागे १० मिलिव्होल्ट देतो खरा, परंतु आर्डुइनो उनो या सूक्ष्मनियंत्रक-बोर्डावरील परिवर्तक, म्हणजे व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारा भाग, ५ व्होल्टचे १०२४ भाग पाडत असल्यामुळे एकेक पायरी सुमारे अर्ध्या अंशाची होते आणि त्यापुढचे अंक हे निव्वळ भागाकाराचे औदार्य असते. डीएस१८बी२० हा तिसरा संवेदक नेहमीच्या हवामानात अर्ध्या अंशाइतका विश्वासार्ह असतो. मात्र बाजारात त्याच्या नकला इतक्या मुबलक आहेत की अस्सल नग ओळखणे हाच एक स्वतंत्र प्रकल्प होऊन बसतो. एवढ्या चिकित्सेअंती पसंत पडलेला संवेदक शेवटी बोर्डावरच्या तापलेल्या व्होल्टेज रेग्युलेटरला खेटून बसवला जातो, आणि खोलीत फार उकडते आहे असा शास्त्रीय निष्कर्ष एकमताने काढला जातो.